तळ्यावरचा घास

हंसांसाठी अख्ख्या वस्तीशी भांडलेल्या त्या बाईंना हंस अजिबात आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते. कारण त्या गेल्यावर आमच्या मराठी मंडळाने हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो लावला आणि खाली 'थोर पक्षीप्रेमी' असं छापलं. प्रेमी! त्या फोटोतसुद्धा बाई चष्म्याच्या वरून बघतायत, समोरच्याने आत्ताच काहीतरी मूर्खासारखं बोलून टाकल्यासारख्या.

"घाणेरडे पक्षी," त्या म्हणायच्या. "खातात, हगतात आणि मधल्या वेळात एकमेकांशी भांडतात. अगदी आपलं मंडळ. फक्त हे अध्यक्ष निवडत नाहीत, तेवढे शहाणे आहेत."

कॅनबेराच्या गुंगालिन वस्तीत त्यांच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती, युनिव्हर्सिटीत असताना आणि पुढे नोकरी लागल्यावरही. घरामागे कुंपण, कुंपणापलीकडे सायकलचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे तळं. वस्ती वसवताना पावसाचं पाणी साठवायला खणलेलं साधं तळं, पण घरांच्या जाहिरातींत त्याला 'लेक' म्हणतात आणि किंमत त्याप्रमाणे लावतात. त्यावर हंसांचा एक कळप होता. पांढरे, राखाडी, केशरी चोचींचे. कधीकाळी कुणीतरी पाळून सोडून दिलेल्यांची पुढची पिढी. आता कुणाचीच नसलेली, पूर्ण रानटी.

बाई भूलतज्ज्ञ होत्या. शिकल्या पुण्यात, नोकरी सगळी कॅनबेरात. नवरा लवकर गेला, मुलगा पर्थला. पहिल्याच दिवशी मी त्यांना 'काकू' म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्या काकाशी माझं लग्न झालेलं नाही. बाई म्हण. बाई मी नक्की आहे." मंडळातले लोक त्यांना तोंडावर 'डॉक्टर' म्हणत आणि पाठीमागे 'गूजकाकू', हंसाच्या इंग्रजी नावावरून. हे त्यांना माहीत होतं. मंडळाच्या लोकांना पाठीमागे बोलतानाही आवाज लहान करता येत नाही.

घराचे नियम त्यांनी मला दारातच ऐकवले. हीटर लावायच्या आधी स्वेटर घालायचा. मग त्यावर दुसरा स्वेटर. तरी थंडी वाजली तर भांडी घासायची. कॅनबेराच्या जुलैत मी त्यांची स्वच्छ भांडीसुद्धा परत घासलेली आहेत.

मऊ शब्दांचा त्यांना तिटकारा होता. माझ्या मैत्रिणीला कंपनीने 'लेट गो' केलं, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "सोडून दिलं? का, आधी हाताला धरून ठेवलं होतं? काढलं म्हण." कुणी गेल्याची बातमी 'पास्ट अवे' अशी आली की त्या फोनवरच विचारायच्या, "म्हणजे मेला ना?" "शब्द मऊ झाला की सुई कुठे आहे ते बघायचं," असं त्या मला शिकवायच्या, आणि त्यांनी आयुष्यभर सुयाच टोचलेल्या असल्यामुळे मी ते मान्य करायचे.

रविवारी मटण असे. त्या नळी तोंडाला लावून तन्मयतेने चोखत. एकदा मंडळातल्या एका शाकाहारी बाईंनी विचारलं, "डॉक्टर, हंसांची एवढी बाजू घेता, मग हे कसं चालतं?"

बाईंनी नळी ताटात ठेवली. "बोकडाशी मी कधी खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "त्याला मी हात जोडून आजोबा म्हटलं नव्हतं."

समोरची बाई लाल झाली. तिला बरोबर कळलं होतं. तुम्हाला कळण्यासाठी आता त्या घासाचं सांगायला हवं.

पितृपक्ष इथे वसंतात येतो. आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या नावाने पान वाढायचं, कावळ्यासाठी बाहेर ठेवायचं आणि तो शिवेपर्यंत आपण जेवायचं नाही, एवढी ही साधी रीत. पण इथला कावळा आपल्याकडच्यापेक्षा मोठा, तान्हं मूल रडावं तसा ओरडणारा आणि अतिशय संशयी. माणूस आसपास असेपर्यंत झाडावरून खाली उतरत नाही. आणि आमच्या लोकांना थांबायला वेळ नसतो. पितरांना जेवू घालून ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगला हजर व्हायचं असतं.

ही अडचण सोडवली मंडळाच्या अध्यक्षाने. त्याचं नाव नितीन. सरकारी खात्यात आयटी कॉन्ट्रॅक्टर. गळ्यातली ऑफिसच्या पासची दोरी तो रविवारीही काढत नाही. एका वर्षी वडिलांच्या तिथीला त्याच्या अंगणात कावळा उतरेना. मीटिंगची वेळ झाली. शेवटी हा फॉइलची ताटली गाडीत घालून तळ्यावर आला आणि काठावर ठेवून हात जोडले. डोळे उघडतो तर एक भला मोठा नर हंस मान लांब करून ताटलीतला उडदाचा वडा गिळतोय. नितीनने तिथूनच ग्रुपवर फोटो टाकला. "बाबांनी वडा घेतला. लगेच!" खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

पुढच्या वर्षी अर्धं मंडळ तळ्यावर. कावळा ताटकळवतो, जुनी देणी आठवायला लावतो, अपुऱ्या राहिलेल्या इच्छा उकरायला लावतो. हंस असलं काही करत नाही. तो लगेच खातो आणि तुम्ही वेळेवर ऑफिसला पोहोचता. लांबलांबच्या सबर्बमधून लोक गाड्या घेऊन यायला लागले. मग फक्त पितृपक्षच का? उरलेला प्रसाद, बारशाच्या पुऱ्या, दिवाळीत फसलेल्या चकल्या, सगळं तळ्यावर. मंडळाच्या मासिकात रंगीत फोटो आला, 'आमचे राजहंस'.

आणि वसंतात हंसांची अंडी-पिल्लं असतात. आधीच तापट असलेला नर, मागे पिल्लं, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात ताटली असते हा त्याचा पक्का अनुभव. हात रिकामा दिसला की तो हातच धरायला लागला. नितीनच्या मुलीच्या वाढदिवसाचं बार्बेक्यू तळ्याकाठी होतं. त्या पोरीच्या हातात सॉसेज होतं. हंसाने सॉसेज घेतलं, शिवाय कोपराजवळ चिमटा काढला. "डॅड, इट बिट मी!" पोरगी किंचाळली. हात काळानिळा झाला. पोरीचं दुखलं ते खरंच दुखलं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्या आठवड्यात ऑनलाइन अर्ज फिरायला लागला. तळ्यावरचे हंस ही 'नॉन-नेटिव्ह, आक्रमक पेस्ट' आहे, सरकारने ती हटवावी. पहिली सही नितीनची. खाली मंडळ. भाद्रपदात राजहंस, दिवाळीनंतर पेस्ट.

मी तो अर्ज बाईंना वाचून दाखवला. त्या लसूण सोलत होत्या.

"नॉन-नेटिव्ह," त्या म्हणाल्या. "कोण म्हणतंय बघ. यातल्या निम्म्यांची सिटिझनशिपची परीक्षा अजून व्हायचीय."

"पण बाई, तुम्हाला तरी कुठे आवडतात ते?"

त्यांनी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर पिवळा पडत चाललेला डाग होता. "परवाच चावलाय. म्हणून काय? ज्याला बाबा म्हणून जेवू घातलंत त्याला तुम्ही मारायला पाठवणार? मी देव मानत नाही, पितर मानत नाही. हे मानतात ना? मग माना की!"

सरकारच्या उद्यान खात्याने तळ्यावर फलक लावला. कळप 'मानवीय पद्धतीने कमी करण्यात येईल', त्याआधी रहिवाशांची बैठक होईल. बाईंनी खात्यात फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. कमी करणार म्हणजे कुठे नेणार, असं त्यांनी विचारलं. पलीकडचा मुलगा गोड आवाजाचा होता. म्हणाला, "नो वरीज, त्यांना काही कळणारसुद्धा नाही. त्यांना झोपवण्यात येईल."

बाईंचा चेहरा मी तोवर तसा पाहिला नव्हता.

"मी आयुष्यभर माणसांना झोपवलंय," त्या म्हणाल्या. "झोपवलेला माणूस उठतो. त्याला उठवणं हेच माझं काम होतं. जो उठत नाही त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे. तुम्हाला येत नसेल तर मी सांगते."

त्या दिवसापासून बाई आंदोलक झाल्या. इतकी वाईट आंदोलक मी जन्मात पाहिलेली नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी, आई-वडील चळवळीतले. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे असत आणि भाजीचे डाग पडले तरी वाटले जात. लोकांना आपल्या बाजूला आणायचं असतं, एवढं मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. बाईंना ते मान्यच नव्हतं. ट्रामच्या थांब्यावर त्या पुठ्ठ्याचा बोर्ड घेऊन उभ्या राहायच्या. त्यावर इंग्रजीत आणि मराठीत एकच वाक्य होतं: 'यांना जेवायला कोणी बोलावलं?' कुणी थांबून विचारलं, की त्या म्हणायच्या, "ज्याला समजायचं त्याला समजलंय. तुम्ही तुमची ट्राम पकडा."

एक म्हातारी ऑस्ट्रेलियन बाई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "गुड ऑन यू, डिअर. आय लव्ह बर्ड्स टू."

"आय डोन्ट," बाई म्हणाल्या.

मी एक पत्रक लिहिलं. रक्ताच्या थारोळ्यापासून सुरुवात होती. 'निष्पाप, मुक्या जिवांचा आक्रोश' असं मधे कुठेतरी होतं. बाईंनी पेन घेतलं. "निष्पाप? हा बघ," पोटरी पुढे. "मुका? पहाटे खिडकी उघडून ऐक." एकेक विशेषण खोडत त्या शेवटपर्यंत गेल्या. उरल्या तीन ओळी. आम्ही यांना खायला घातलं. म्हणून हे जवळ आले. आता आम्हीच यांना मारायला सांगतोय.

"हे छाप," त्या म्हणाल्या.

"बाई, हे कोण वाचणार?"

"ज्यांनी घातलंय ते."

त्यांनी वाचलं. म्हणूनच माझी सिडनीची मावशीसुद्धा मला फोन करून विचारायला लागली, की तू त्या बाईच्या नादाला का लागलीस. मंडळाचे हात लांब असतात. फक्त वर होत नाहीत. हे मी रहिवाशांच्या बैठकीत पाहिलं.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. खात्याकडून एक तरुण अधिकारी आली होती, खाकी टोपी मांडीवर, चेहरा थकलेला. डावीकडे वस्तीतले इतर रहिवासी, उजवीकडे दोन रांगा भरून आमचं मंडळ. बाई सगळ्यांत मागे, शेजारी मी. त्यांच्या हातात एक मोठी काळी छत्री होती. पावसाशी छत्रीचा संबंध नव्हता. हंस अंगावर आला की त्याच्या तोंडासमोर फट्कन उघडायची, तो माघारी फिरतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं.

अधिकारी सरळ बोलली. म्हणाली, "मला पक्षी मारायची हौस नाही. कोणी यांना खायला घालत असेल तर आत्ता सांगा. खाणं बंद झालं की ते माणसाच्या जवळ यायचे थांबतात. अंड्यांना तेल लावलं की पिल्लं होत नाहीत, कळप वाढत नाही. एवढ्यावर भागेल. पण कोणीच घालत नसेल, तर हा त्यांचा स्वभावच आहे असं मला लिहावं लागेल. मग माझ्याकडे दुसरा उपाय उरत नाही."

एवढंच हवं होतं. एक हात वर व्हायला हवा होता. त्या दोन रांगांत घास न ठेवलेला माणूस शोधून सापडला नसता. सगळे आपापल्या फोनकडे बघायला लागले. कुणाचा तरी फोन बंद होता, तो बंद फोनकडे बघत होता.

बाई मागून मोठ्याने मराठीत म्हणाल्या, "नितीन, वडा कोणी घेतला होता?"

नितीनची मान ताठ झाली. तो मागे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, प्लीज. इथे नको. रिलिजस फीडिंग वगैरे निघालं तर उद्या फेसबुकवर काय होईल माहितीये? आपल्या कम्युनिटीचं नाव..."

"तुझे बाबा होते ना ते?"

"डॉक्टर, प्लीज!"

त्याची बायको स्वाती त्याच्या शेजारी बसली होती. ती उठेल असं मला क्षणभर वाटलं. ती पर्सची चेन उघडून बंद करत राहिली.

अधिकारी तरुणीने टोपी उचलली. "मग कोणीच नाही?"

छत्रीच्या टोकाचा आवाज झाला आणि बाई उभ्या राहिल्या. "मी घालते," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

हॉल वळला. डावीकडचेही, उजवीकडचेही. त्या हंसांना रोज शिव्या देतात हे तळ्यावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

"तुम्ही? काय घालता?"

आणि ज्या बाईंनी आयुष्यात कुणाच्या नावाने पान वाढलं नव्हतं, त्यांनी अख्खं पान वाढलं. भात. वरण. तांदळाची खीर. लाल भोपळ्याची भाजी, गवारीची भाजी. आमसुलाची चटणी. उडदाचे वडे. मधे भोक असतं.

"डोनटसारखे?" अधिकारी तरुणीने विचारलं.

"तसेच. पण खारे."

"आणि... हे सगळं का, असं विचारू का?"

"माझे पूर्वज खादाड होते," बाई म्हणाल्या. "आता बंद. मी शब्द देते. येत्या वसंतात इथे एक शीत पडणार नाही."

अधिकारी तरुणीने टोपी परत मांडीवर ठेवली. ती मूर्ख नव्हती. म्हणाली, "ठीक आहे. एक वसंत. त्या काळात कोणी खायला घालताना दिसलं किंवा कोणाला चावा बसला, तर आम्ही ठरल्याप्रमाणे करू."

परत येताना मी विचारलं, "बाई, तुम्ही खोटं का बोललात?"

"वडे खरे होते," त्या म्हणाल्या. "फक्त तळणारीचं नाव बदललं."

पुढचं सांगताना माझं डोकं अजूनही फिरतं. वस्तीच्या फेसबुक पानावर बाईंचा फोटो आला, 'हीच ती हंसांना सवय लावणारी'. शेजारचा म्हातारा वर्षानुवर्षं कुंपणावरून लिंबं द्यायचा, ती बंद झाली. दुकानात एका आईने आपल्या पोराला त्यांच्यापासून बाजूला ओढलं. हे सगळं परक्यांनी केलं, त्यांना खरं माहीत नव्हतं. पण ज्यांना माहीत होतं त्या मंडळाने काय करावं? मंडळाने पत्रक काढलं. सदर डॉक्टरांच्या वैयक्तिक कृतीशी मंडळाचा काहीही संबंध नाही. अशा कृतींमुळे आपल्या कम्युनिटीच्या प्रतिमेला धक्का पोहोचतो. मी आयुष्यात शेकड्याने पत्रकं वाचली आहेत. सरकारांची वाचली आहेत, मालकांची वाचली आहेत. इतकं भेकड पत्रक मी वाचलेलं नाही.

बाईंनी ते फ्रिजवर लावलं. म्हणाल्या, "शुद्धलेखन बरं आहे."

सप्टेंबर आला. पितृपक्ष लागला त्या सकाळी बाई दोन स्वेटर, मफलर आणि छत्री घेऊन काठावरच्या बाकावर जाऊन बसल्या. गाड्या यायला लागल्या. कारण माणूस बैठकीत गप्प बसतो, अर्जावर सही करतो आणि तरी वडा तळतो. पितरांची भीती सरकारपेक्षा मोठी असते.

पहिल्या गाडीतून एकजण आजीच्या नावाची ताटली घेऊन उतरला. बाईंनी छत्री आडवी धरली.

"खा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तूच खा. तुझीच आजी ना? तिला तू उपाशी राहिलेला आवडायचास का? मग खा. इथेच. माझ्यासमोर. ताटली रिकामी दाखव आणि जा."

"डॉक्टर, असं चालत नाही. हा पितरांचा घास आहे."

"चालतं. हंसाला चालवलंत, मग नातवाला का नाही चालणार?"

तो गाडीत बसून निघून गेला. दुसराही गेला. काहींनी बाईंना अपशब्द वापरले, एकीने 'तळतळाट लागेल' असं सांगितलं. बाईंनी तिला लागायची वेळ विचारली. काहीजण मात्र खायला लागले. सुटात, टायमध्ये, उभ्याउभ्या, चोरासारखे. हंस लांबून बघत होते आणि कुणी जवळ सरकला की छत्री फट्. त्या दिवसांत मी कामावर उशिरा जायचे. एवढं करमणुकीचं दृश्य मला परत दिसणार नव्हतं.

सर्वपित्रीला स्वाती आली. एकटी, चालत. तिने ताटली नव्हती आणली, स्टीलचा डबा आणला होता. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, डबा उघडला आणि वडा मोडून तोंडात घातला. चावता चावता तिचे डोळे भरून आले.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "आईला चाललं नसतं. तिने डबा परत पाठवला असता."

मला वाटलं आता बाईंकडून काहीतरी झणझणीत येणार. त्यांनी हात पुढे केला. "बघू," म्हणाल्या. स्वातीने वडा दिला. त्यांनी खाल्ला. "कमी आहेच," त्या म्हणाल्या. "आई कुठली तुझी?"

"साताऱ्याची."

मग त्या दोघी बराच वेळ साताऱ्याच्या त्या न पाहिलेल्या बाईच्या स्वयंपाकाबद्दल बोलत बसल्या आणि मी उगाच तळ्याकडे बघत राहिले. एवढं सोडलं तर मंडळाबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

वसंत संपताना ती अधिकारी परत आली. हातात कागदी पिशवी धरून काठाकाठाने सावकाश चालत गेली. एकाही हंसाने तिच्याकडे मान वळवली नाही. ती बाईंजवळ येऊन म्हणाली, "या वर्षी राहू देऊ. पण दर वसंतात मी बघायला येणार. परत कोणी घालायला लागलं तर परत तोच प्रश्न."

"येत जा," बाई म्हणाल्या. "मी कुठे जातेय?"

त्या जूनमध्ये गेल्या. झोपेतच. मेल्या, असं म्हणायला हवं. मुलगा पर्थहून आला, भला माणूस, त्याने घर रिकामं केलं आणि तुला काही हवंय का, असं मला विचारलं. मी छत्री मागितली. त्याला वाटलं मी संकोचतेय. त्याने मिक्सरही देऊ केला.

मंडळाने शोकसभा घेतली. फोटो, हार, 'थोर पक्षीप्रेमी'. नितीनने भाषण केलं. डॉक्टरांनी एकटीने लढा दिला, असं तो म्हणाला. एकटीने हा शब्द त्याने दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा त्याचा आवाज भरून आला. टाळ्या पडल्या. एकटीने! तुम्ही तिथेच तर बसला होतात, उजव्या बाजूच्या दोन रांगांत!

सप्टेंबरात मी तळ्यावर गेले. माझी नवी खोली त्याच रस्त्यावर आहे. बाकावर दव होतं. गाड्या फारशा आल्या नाहीत. बाईंनी वर्षभरापूर्वी बहुतेकांची सवय मोडली होती. बाईंच्या तिथीला मात्र नितीनची गाडी आली. तो उतरला, हातात फॉइलची ताटली, वर फॉइलचं झाकण. मला बघून त्याने चेहरा गंभीर केला.

"बरं झालं भेटलीस," तो म्हणाला. "डॉक्टरांच्या नावाने आणलंय. मंडळातर्फे. त्यांचे एवढे लाडके होते हे सगळे. यांनी घेतलं की त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल."

तो झाकण काढायला लागला. पाण्यात एका नराने मान उंच केली. गेल्या वसंतापासून त्याने कुणाच्या हाताकडे बघितलं नव्हतं. आता तो बघत होता. पाण्यातून बाहेर आला, चार पावलं चालला, मान लांब केली.

मी त्याच्या तोंडासमोर छत्री उघडली. फट्. तो फुत्कारत मागे गेला.

"खा, नितीनदादा," मी म्हटलं.

"अगं, काय? मी कसा खाणार? हा त्यांचा घास आहे."

"त्यांनी सगळ्यांना हेच सांगितलं होतं. इथेच खायचं आणि ताटली रिकामी दाखवायची. नाहीतर मी आत्ता खात्यात फोन करते आणि तुम्ही काय आणलंय ते सांगते. बाबांच्या वड्यापासून सांगते."

त्याने गाडीकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. सायकलच्या रस्त्यावरून एकजण कुत्रा घेऊन येत होता, त्याच्याकडे बघितलं. मग पाठ वळवून तो भात-वरण बोटांनी खायला लागला, घाईघाईने, मान खाली घालून. वडा खाल्ला. दुसरा खाल्ला. खिरीची वाटी तोंडाला लावण्यासाठी तो वाकला आणि गळ्यातला ऑफिसचा पास दोरीसकट खिरीत बुडाला.

मी सांगितलं नाही.